घरभाड्याच्या करारात रेडॉनचं पान कशासाठी? मालकाला काय सांगावं लागतं आणि काय नाही

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात घर भाड्याने घेणाऱ्यांच्या हातात १ जानेवारी २०२४ पासून काही जास्तीचे कागद पडतात. भाडं, डिपॉझिट, पार्किंग, पाळीव प्राणी, बर्फ कोणी काढायचा अशा कलमांच्या गठ्ठ्यात रेडॉन नावाच्या वायूबद्दलचं एक माहितीपत्रक आणि सही करायचा एक फॉर्म असतो. बहुतेक जण त्यावर बाकीच्या पानांसारखीच सही करून मोकळे होतात. हल्ली सही मोबाइलवर बोट फिरवून होते, त्यामुळे वाचायचा प्रश्न आणखी मागे पडतो.

या सह्या करणाऱ्यांत मराठी माणसं कमी नाहीत. शिकागोच्या नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा या उपनगरांत आयटीतली कुटुंबं भाड्याने राहतात. ब्लूमिंग्टन-नॉर्मलमध्ये विमा कंपन्यांच्या प्रोजेक्टवर गेलेले असतात. अर्बाना-शँपेनला दर ऑगस्टमध्ये विद्यापीठात शिकायला मुलं पोहोचतात आणि चौघांत एक अपार्टमेंट घेतात. स्वस्त पडतं म्हणून त्यातले काही बेसमेंटही घेतात. रेडॉन सगळ्यात जास्त साठतो तो तिथेच.

या नव्या कायद्याने भाडेकरूला पहिल्यांदाच काही ठोस हक्क दिले आहेत. पण कायदा नीट वाचला तर एक गोष्ट खटकते. घरमालकाला जे माहीत आहे ते त्याने सांगायचं आहे. माहीत करून घ्यायची सक्ती त्याच्यावर नाही.

रेडॉन येतो कुठून?

जमिनीत आणि खडकांत थोडंफार युरेनियम जवळपास सगळीकडे असतं. त्याच्या ऱ्हासातून रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. युरेनियम आणि रेडियम घनरूप आहेत, ते मातीतच राहतात. रेडॉन मात्र वायू आहे. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. तो मातीतल्या फटींतून वर येतो. मोकळ्या हवेत आला तर विरून जातो, घराखाली आला तर घरात शिरतो.

थंड प्रदेशातलं घर त्याला आत ओढून घेतं, असंच म्हणावं लागेल. हिवाळ्यात हीटर सुरू असतो, गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून बाहेर जाते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. बेसमेंटच्या काँक्रीटमधल्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी, पाणी उपसायच्या पंपाचा खड्डा, या सगळ्या वाटांनी जमिनीतली हवा आत येते आणि तिच्याबरोबर रेडॉनही. दारं-खिडक्या घट्ट बंद असल्यामुळे तो साठत राहतो. चाळीत किंवा कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण त्या घरांना बंद राहायची सवयच नसते.

रेडॉन श्वासावाटे आत गेला तर त्यातला बराचसा पुन्हा बाहेर येतो. त्रास होतो तो त्याच्या ऱ्हासातून तयार होणाऱ्या पोलोनियमसारख्या घन कणांमुळे. ते फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की देशात दरवर्षी सुमारे २१,००० लोक रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. त्यातल्या सुमारे २,९०० जणांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं. फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण रेडॉन आहे, आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये पहिलं.

घराघरांत हा वायू असू शकतो हे अमेरिकेला कळलं तेही योगायोगानेच. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारा एक अभियंता किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला की अलार्म वाजू लागला. केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. तो अलार्म कामावर येतानाच वाजवत होता, म्हणजे किरणोत्सार घरून घेऊन येत होता. त्याच्या घरातली हवा तपासली तेव्हा रेडॉनचं प्रमाण सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर निघालं. ज्या पातळीला ईपीए घर दुरुस्त करायला सांगते ती आहे ४. म्हणजे पावणेसातशे पट.

हा ४ चा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे सगळे कायदे त्याच्याभोवती फिरतात. ही सुरक्षिततेची रेषा नाही, कारवाईची आहे. २ ते ४ च्या मध्ये असलं तरी दुरुस्तीचा विचार करा, असं ईपीएच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी दर घनमीटरला १०० बेकरेल आहे, म्हणजे सुमारे २.७ पिकोक्युरी. अमेरिकेच्या संसदेने १९८८ च्या कायद्यात तर याहून मोठं ध्येय लिहून ठेवलं: इमारतींच्या आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच रेडॉनमुक्त व्हावी. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सरासरी ०.४ असतं. ध्येय आणि कारवाईची पातळी यांत दहापटीचं अंतर आहे.

केंद्राचा कायदा काय म्हणतो?

भाडेकरूला रेडॉनची माहिती द्या, असं सांगणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. शिशाच्या रंगाबाबत तो आहे. १९७८ च्या आधी बांधलेलं घर भाड्याने देताना मालकाला माहितीपत्रक द्यावं लागतं आणि शिशाबद्दल जे माहीत असेल ते सांगावं लागतं. तो कायदा १९९२ चा, नियम लागू झाले १९९६ मध्ये. रेडॉनच्या बाबतीत हे सगळं राज्यांवर सोडलेलं आहे, आणि अनेक राज्यांचे नियम फक्त घर विकताना लागू होतात.

यामागचं गणित सरळ आहे. घर विकत घेणारा माणूस आयुष्यातली मोठी रक्कम लावतो, वकील आणि तपासनीस नेमतो, तपासणीत रेडॉन निघाला तर किंमत पाडून मागतो. बाजारच त्याला चाचणी करायला लावतो. भाडेकरूकडे असा कुठलाच हुकमी पत्ता नसतो. भिंतीला भोक पाडायलाही त्याला परवानगी लागते.

इलिनॉयने नेमकं काय केलं?

इलिनॉयमध्ये रेडॉन जागरूकता कायदा २००८ पासून आहे, पण सुरुवातीला तो घरांच्या विक्रीपुरता होता. भाडेकरूंसाठीचं कलम २०१२ मध्ये आलं आणि २०२४ पासून त्याला धार आली.

नव्या तरतुदीनुसार भाडेकरू अर्ज करतो तेव्हा, म्हणजे करार होण्याच्या आधी, मालकाने त्याला तीन गोष्टी द्यायच्या आहेत: राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचं भाडेकरूंसाठीचं रेडॉन माहितीपत्रक, त्या घरात रेडॉनचा धोका दाखवणारे जे अहवाल मालकाकडे असतील त्यांच्या प्रती, आणि जाहीर माहितीचा ठरावीक फॉर्म. करार सुरू असतानाही भाडेकरूने मागितलं तर हे द्यावं लागतं.

हे सगळं तिसऱ्या मजल्याच्या खालच्या घरांसाठी आहे. अमेरिकेत आपल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. त्यामुळे आपल्या हिशेबाने बेसमेंट, तळमजला आणि पहिला मजला यात येतात. त्याच्या वर जमिनीतून येणारा रेडॉन सहसा कमी होत जातो. शिकागोत अर्ध्या जमिनीत असलेल्या घरांना ‘गार्डन अपार्टमेंट’ म्हणतात. नावात बाग असली तरी खिडकीतून बऱ्याचदा फुटपाथवरच्या लोकांचे बूट दिसतात. रेडॉनच्या दृष्टीने सगळ्यात आधी तपासायला हवीत ती हीच घरं.

खरी नवी गोष्ट पुढे आहे. भाड्याचा काळ सुरू झाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरू स्वतः चाचणी करू शकतो. केली तर निकाल हातात आल्यापासून १० दिवसांत तो मालकाला कळवायचा. पातळी कारवाईच्या रेषेवर निघाली आणि मालकाने दुरुस्ती करायला नकार दिला, तर भाडेकरूपुढे दोन वाटा आहेत. मालकाची स्पष्ट संमती घेऊन तज्ज्ञ कंत्राटदाराकडून काम करून घेणं, किंवा करार मोडून घर सोडणं. निकाल पटला नाही तर मालकाला परवानाधारक तज्ज्ञाकडून फेरचाचणी करून घेता येते.

वर्षाच्या करारात अडकलेल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. एरवी मध्येच घर सोडलं तर मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं मागू शकतो.

न मोजण्याचा फायदा

आता कायद्याची दुसरी बाजू. मालकाने चाचणी करावी असं तो म्हणत नाही. दुरुस्ती करावी असंही म्हणत नाही. उलट, या कलमातून तसं बंधन निघत नाही हे त्यात वेगळं नमूद आहे.

म्हणजे व्यवहारात काय होतं? दोन मालक समजा. एकाने स्वतःहून शंभर-दीडशे डॉलर खर्चून तज्ज्ञाकडून चाचणी केली, ६.५ आलं. आता त्याच्या हातात धोका दाखवणारा अहवाल आहे. तो त्याला प्रत्येक नव्या भाडेकरूला दाखवावा लागणार, किंवा पदरचे पैसे घालून दुरुस्ती करावी लागणार. दुसऱ्या मालकाने काहीच केलं नाही. त्याचा फॉर्म स्वच्छ आहे. ‘माझ्याकडे कुठलाही अहवाल नाही’ हे त्याचं उत्तर खरं आहे आणि कायदेशीरही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांत भाडेकरूला दुसरं घर जास्त सुरक्षित वाटेल, आणि त्या घरात ९ निघालं असतं की ०.९ हे कोणालाच कळणार नाही.

चांगलं वागणाऱ्याला भुर्दंड आणि डोळे झाकणाऱ्याला सूट, अशी ही रचना आहे. ती फक्त इलिनॉयची नाही. ‘माहीत असेल ते सांगा’ एवढ्यावर थांबणाऱ्या प्रत्येक कायद्यात हे होतं, शिशाच्या रंगाच्या कायद्यातही. रेडॉनच्या बाबतीत ते जास्त बोचतं. शिशाचा जुना रंग निदान पोपडे धरतो, डोळ्यांना दिसतो. रेडॉन मोजल्याशिवाय आहे की नाही हेच समजत नाही. तिथे ‘न मोजणं’ म्हणजे ‘न सांगणं’च.

आणखी एक बारीक गोष्ट. अहवाल द्यायचा तो धोका दाखवणारा, म्हणजे कारवाईच्या पातळीवरचा. ३.८ चा अहवाल मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहू शकतो, जरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ते प्रमाण जास्त असलं तरी.

घरमालकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. रेडॉन मालकाने आणलेला नसतो, तो जमिनीतून येतो. एकाच गल्लीतल्या दोन घरांत प्रमाण वेगळं निघतं. एकदाच केलेली चाचणी हवामानाने, उघड्या खिडकीने बदलू शकते. मालक म्हणजे नेहमी मोठी कंपनी असते असंही नाही. मोठं घर घेतल्यावर आधीचं टाउनहाऊस भाड्याने ठेवणाऱ्यांत आपले लोकही आहेत. तिथे जमीन आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या अखत्यारीत असतात. छतापर्यंत पाइप न्यायला असोसिएशनची परवानगी लागते, आणि ती मिळायला किती मीटिंगा जातात हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटी सदस्याला सांगायची गरज नाही.

पण दुरुस्ती अवघड असल्याचं कारण चाचणी न करण्याला लागू पडत नाही. दुरुस्तीही फार जगावेगळी नसते. फरशीला भोक पाडून खालच्या मातीपर्यंत एक पीव्हीसी पाइप नेतात, त्याला सतत चालणारा पंखा जोडतात आणि खालची हवा छतावर सोडून देतात. साध्या घराला साधारण हजार ते अडीच हजार डॉलर लागतात. मध्यम अपार्टमेंटच्या एक-दीड महिन्याच्या भाड्याच्या आसपासचा हा खर्च आहे.

९० दिवसांचा घोळ

चाचणीचं ओझं भाडेकरूवर टाकताना कायद्याने दिलेली मुदत ऐकायला भरपूर वाटते. प्रत्यक्षात ती अडचणीची आहे, आणि यावर फारशी चर्चा होत नाही.

रेडॉनच्या चाचण्या दोन प्रकारच्या असतात. अल्पकालीन चाचणीत कोळशाची छोटी डबी किंवा पाकीट २ ते ७ दिवस घरात ठेवून प्रयोगशाळेला पाठवतात. दीर्घकालीन चाचणी ९० दिवसांपेक्षा जास्त चालते आणि ऋतूंचा फरक पकडत असल्यामुळे वर्षभराच्या सरासरीच्या जास्त जवळ जाते. भाडेकरूच्या हातात एकूण दिवसच ९० आहेत. म्हणजे जी चाचणी जास्त भरवशाची, ती त्याच्या मुदतीत बसतच नाही.

दुसरा प्रश्न कॅलेंडरचा. शँपेनमध्ये विद्यार्थ्यांचे करार ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होतात. ९० दिवस नोव्हेंबरच्या मध्याला संपतात. त्यातला निम्मा काळ खिडक्या उघड्या ठेवण्याचा आहे, आणि नुकताच देशात आलेला विद्यार्थी तेव्हा बँक खातं, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि कॅम्पसवरची नोकरी यांच्या मागे पळत असतो. हीटर रात्रंदिवस चालू होऊन रेडॉन वाढायला लागतो तेव्हा करार मोडण्याचा हक्क संपलेला असतो. जानेवारीत घर घेणाऱ्याची चाचणी आपोआप हिवाळ्यात होते. कायदा दोघांना एकच, पण हातात पडणारं वेगळं.

आणि हे शँपेन काही कमी धोक्याचं ठिकाण नाही. ईपीएच्या काउंटीनिहाय नकाशात शँपेन काउंटी आणि ब्लूमिंग्टनची मॅक्लीन काउंटी पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या गटात आहेत. तिथल्या घरांची अपेक्षित सरासरीच ४ च्या वर धरलेली आहे. शिकागोची कुक आणि नेपरव्हिलची ड्युपेज दुसऱ्या गटात येतात. अर्थात नकाशा पाहून एखाद्या घराबद्दल काही सांगता येत नाही, हे ईपीएच बजावते.

मग वर्षभर राहणाऱ्याने घाबरायचं का?

नाही. इथे आकडे नीट वाचायला हवेत. ईपीएच्या अंदाजानुसार ४ च्या पातळीला आयुष्यभर राहिलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या १,००० लोकांपैकी सुमारे ७ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाच आकडा सुमारे ६२ आहे. हे आयुष्यभराचं गणित आहे. दोन वर्षांचं मास्टर्स करून निघून जाणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा येतो. ओढणाऱ्याने मात्र रेडॉनच्या आधी सिगारेटचा विचार करावा.

भाड्याच्या घरांचा प्रश्न नेमका इथेच अडतो. रेडॉनचा परिणाम वर्षांनी साचत जातो. एका घरात वीस वर्षांत दहा कुटुंबं येऊन जातात. प्रत्येकाचा हिस्सा इतका लहान की भांडायला कोणी उभं राहत नाही, आणि त्या घरात मात्र सतत कोणीतरी राहत असतं. शिवाय एका भाड्याच्या बेसमेंटमधून दुसऱ्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये जाणारी माणसंही आहेत. त्यांचा हिशेब तुटक राहत नाही, तो एकाच फुप्फुसात जमा होतो. राज्याच्या यंत्रणेच्या अंदाजाने इलिनॉयमध्ये वर्षाला सुमारे १,१६० मृत्यूंशी रेडॉनचा संबंध असू शकतो. त्यातले किती जण भाडेकरू होते हे कुठल्याच दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

बाकीच्या राज्यांत काय आहे?

फ्लोरिडाचा नमुना सगळ्यात जुन्यांपैकी आणि सगळ्यात निरुपयोगी. तिथे १९८८ पासून विक्रीच्या आणि भाड्याच्या कागदपत्रांत रेडॉनचा एक ठरावीक परिच्छेद छापावाच लागतो. रेडॉन नैसर्गिक आहे, साठला तर धोकादायक असू शकतो, अधिक माहिती काउंटीच्या आरोग्य विभागात मिळेल, असा त्याचा मतितार्थ. त्यात त्या घराबद्दल एक अक्षर नसतं. सगळ्या घरांना तोच परिच्छेद, त्यामुळे तो वाचणं आणि न वाचणं सारखंच.

कोलोरॅडोने ऑगस्ट २०२३ पासून बराच कडक नियम आणला. करारावर सही होण्याआधी ठळक अक्षरांतला इशारा, घरातल्या चाचण्यांची माहिती, असल्यास अहवाल आणि बसवलेल्या यंत्रणेचे तपशील द्यायचे, आणि भाडेकरूची पोच घ्यायची. व्यावसायिक चाचणीत ४ किंवा जास्त निघालं आणि कळवल्यापासून १८० दिवसांत मालकाने दुरुस्तीचा वाजवी प्रयत्न केला नाही, तर घर राहण्यायोग्य ठेवण्याच्या हमीचा तो भंग धरला जातो. म्हणजे गळकं छत किंवा बंद पडलेला हीटर यांच्या रांगेत रेडॉन आणून बसवला. पण विधेयक मंजूर होताना एक पाचर मारली गेली. एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांत या कारणावरून करार रद्द करण्याचा हक्क जानेवारी २०२६ पासून राहत नाही. बहुतेक भाडेकरार वर्षाचेच असतात हे लक्षात घेतलं, तर पाचर कुठे बसली ते कळतं.

आधी मोजा, मग सांगा, हा सरळ रस्ता घेतला तो मेन राज्याने. तिथे १ मार्च २०१४ पर्यंत भाड्याच्या घरांची हवा तपासणं बंधनकारक केलं गेलं. त्यानंतर, निवारण यंत्रणा बसवलेली नसेल तर, भाडेकरूने मागितल्यास दर १० वर्षांनी चाचणी करायची. निकाल आल्यावर ३० दिवसांत राहत्या भाडेकरूला लेखी कळवायचं, नव्या भाडेकरूला करारापूर्वी. ४ च्या वर निघालं तर दोघांपैकी कोणीही किमान ३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकतो. या ‘कोणीही’मध्ये मालकही आला हे विसरता येत नाही. दुरुस्ती नको असेल तर तो भाडेकरूलाच बाहेर काढू शकतो. दंड प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त २५० डॉलर, म्हणजे टोचण्याइतकाही नाही.

मेरिलँडमधली मॉन्टगोमेरी काउंटी याही पुढे गेली. जुलै २०२३ पासून तिथे बेसमेंटमधली किंवा जमिनीला टेकलेली घरं भाड्याने देण्याआधी मालकाला चाचणी करावीच लागते, आणि जास्त निघालं तर ठरावीक दिवसांत दुरुस्तीही. वॉशिंग्टनच्या कुशीतली ही काउंटी आहे, भारतीयांची वस्तीही बरीच. म्हणजे मालकाला चाचणी करायला लावली की भाड्याची घरंच मिळेनाशी होतील, ही भीती बाजूला ठेवून हे करता येतं.

भारतात घर भाड्याने देताना रेडॉनबद्दल काही सांगावं लागेल असा कायदा नाही. हवेशीर घरं आणि कमी बेसमेंट यांमुळे तो विषय इथे तितका तातडीचा वाटलेला नाही.

जुनी फाइल उघडायला लावणारा प्रश्न

इलिनॉयच्या कायद्यात चाचणीची सक्ती नसली तरी एक दार उघडं आहे, आणि ते विक्रीच्या बाजूने उघडतं. २००८ पासून तिथे घर विकताना रेडॉनची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि घर घेणारे अनेक जण तपासणीच्या वेळी रेडॉनची चाचणी करून घेतात. तेच घर काही वर्षांनी भाड्याने लागतं. अशा मालकाने ‘मला काही कल्पना नाही’ म्हटलं तरी खरेदीच्या फाइलमध्ये अहवाल पडलेला असू शकतो. त्यात आकडा कारवाईच्या पातळीवर असेल, तर तो भाडेकरूला देणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. कधीकाळी मोजलेलं, आठवत नाही, ही सबब चालत नाही. जुनं घर भाड्याने देणाऱ्या मराठी मालकांनीही ती फाइल एकदा काढून पाहायला हरकत नाही.

म्हणून भाडेकरूने ‘रेडॉन आहे का?’ असं मोघम विचारण्यात अर्थ नाही. त्याला ‘माहीत नाही’ हेच उत्तर येतं. घर घेताना किंवा त्यानंतर कधी चाचणी झाली होती का, अहवाल आहे का, बेसमेंटमधून छताकडे गेलेला पांढरा पाइप आणि पंखा आहे का, असेल तर तो चालू आहे का आणि त्यानंतर पुन्हा मोजलं होतं का, असं ईमेलवर विचारलं तर उत्तरही लेखी येतं.

चाचणीचं किट हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन साधारण १५ ते ३० डॉलरला मिळतं. काही काउंटींचे आरोग्य विभाग ते स्वस्तात किंवा फुकटही देतात. डबी ठेवण्याच्या १२ तास आधीपासून खिडक्या आणि बाहेरची दारं बंद ठेवायची, येण्या-जाण्यापुरती उघडायची. घरातल्या सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत, जमिनीपासून दोनेक फूट उंच, कोणी हलवणार नाही अशा जागी ती ठेवायची. स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं, तिथला दमटपणा निकाल बिघडवतो. ऑगस्टमध्ये राहायला गेलेल्याने ही चाचणी पहिल्या आठवड्यात उरकण्यापेक्षा ऑक्टोबरच्या शेवटी, हीटर सुरू झाल्यावर केलेली बरी. निकाल यायला आठवडा-दोन आठवडे धरले तरी मुदतीत बसतं. रेषेवरचा आकडा आला तर लगेच परवानाधारक तज्ज्ञाकडून पक्की चाचणी करून घेण्याची तयारी ठेवावी. प्रकरण करार मोडण्यापर्यंत गेलं तर घरगुती डबीपेक्षा त्या कागदाला जास्त वजन असतं.

२०२४ च्या आधीपासून त्याच घरात राहणाऱ्यांच्या हाती ना माहितीपत्रक आलं, ना फॉर्म. पण कायद्यात ‘करार सुरू असताना मागितल्यास’ हे शब्द आहेत. त्यामुळे जुन्या भाडेकरूलाही आज ईमेल पाठवून माहितीपत्रक, फॉर्म आणि असतील ते अहवाल मागता येतात.